वाफ्यावाफ्यात सारखं

प्रयोग फसला.

म्हणजे अजून तसं काही झालेलं नाही. सकाळचे साडेआठ वाजलेत आणि जुईलीच्या चिमट्यात एक लेंडी आहे — गोल, कोरडी, वाटाण्याएवढी, चार नंबरच्या सशाची, आणि लवळ्याच्या या पत्र्याच्या शेडमध्ये तिच्याइतकी विश्वासू वस्तू दुसरी नाही... एकाच दिवशी जन्मलेले बारा वाढते ससे, सहांच्या खाद्यात जीवनसत्त्वं, सहांच्या नाही. खाल्लं किती, बाहेर आलं किती, म्हणजे अंगी लागलं किती — आज मोजणीचा सातवा, शेवटचा दिवस, मग प्रबंध, मग पदवी, मग जग. पिंजऱ्याखालचे बाराही ट्रे वजनाला जवळजवळ सारखे. सातही दिवस सारखे. ससे व्हिटॅमिनला इतक्या एकमताने भीक घालत नाहीत हा शोध आपल्या नावावर लागणार, हे तिने मनातल्या मनात नम्रपणे स्वीकारूनही टाकलं होतं. तिचे मार्गदर्शक चंद्रकांत सर फोनवर म्हणाले होते, "एवढी शिस्त मला विद्यार्थ्यांतसुद्धा दिसली नाही."

पहाटेच शेड झाडून गेलेल्या तुकाबाई परत येऊन दारातच थबकल्या. "चार नंबरचं बरं हाय का गं आता? त्याचं लई कमी पडायचं."

"काय कमी पडायचं?"

"लेंड्या. मोजाया लागायच्या आदल्या दिवशी त्याचा टरे बघून तू तोंड पाडलंस. मग रोज तू यायच्या आधी मीच शेजारच्यातल्या मूठमूठ टाकाया लागले."

"फक्त त्याच्यात ना, मावशी?"

"एकालाच कशाला? समद्यांचं सारखं केलं. रानात मेंढरं बसवली खताला, की वाफ्यावाफ्यात सारखी लेंडी पडाया पायजे, न्हाईतर मालक बोलतो." मग जरा उदास होऊन, "म्हाळुंग्यात आता रानावर टावर झाल्यात, मेंढरं कोन बसवून घेत न्हाई. टावरवाल्यांना खत नगं."

राग यायला हवा होता. जुईलीने त्याची वाटही पाहिली — पण मनात आली ती आई. बहिणीला, किमयाला, कमी मार्क पडले की पाहुण्यांसमोर माझे थोडे तिच्यात मिसळून सांगणारी आई, "दोघींना पंच्याहत्तर", आणि मी आतल्या खोलीत, माझे अकरा टक्के कुठे गेले म्हणून रडत... आणि किमया तेव्हा किती ताठ बसायची, हे मला आजवर का दिसलं नव्हतं?

आकडे सुंदर होते. कुणाला कळणारही नव्हतं, सशांना सोडून. पुन्हा मोजायचं तर सोमवारी त्यांना बारा आठवडे पुरे होणार — म्हणजे प्रबंधाच्या मथळ्यातले 'वाढते ससे' ते राहणार नाहीत — आणि पुढच्या पिल्लांआधी प्रबंधाची तारीख उलटणार.

तिने सात दिवसांच्या तक्त्यावर तिरकी रेघ मारली. रेघ अगदी सरळ आली. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

"माझं चुकलं का काय?" तुकाबाईंनी विचारलं.

"तुमचं एकदम सारखं झालंय, मावशी. तेच अवघड आहे."

चार नंबर कान पाडून शांतपणे चघळत होता, आणि तिच्या डोळ्यांदेखत वाढत होता. तिने कोरा कागद ओढला.

'प्रति, मा. विभागप्रमुख. विषय : वयास मुदतवाढ मिळणेबाबत. महोदय, लेंड्यांच्या समान वाटपामुळे सात दिवसांची नोंद अर्जदाराने स्वतः रद्द केली आहे. सबब, फेरमोजणी पूर्ण होईपर्यंत सदर बाराही सशांनी आहे त्याच वयात थांबावे, असे आदेश आपल्या स्तरावरून निर्गमित व्हावेत, ही विनंती.'