उकळू नये असा शर्ट

मी एक पांढरा शर्ट बोलतोय. आवाज जरा दमट वाटला तर सांभाळून घ्या. माझं बरंचसं आयुष्य पातेल्यात गेलं आहे.

माझा पहिला जन्म रजईच्या खोळीचा. पिलनाम नावाच्या बाईनं लग्नात मला कोरियातल्या देगू शहरात आणलं. नवरा लवकर गेला, मी राहिलो. दर हिवाळ्याआधी ती मला उसवायची, उकळायची, खळ घालायची, लाकडी दांडक्यांनी बडवायची आणि पुन्हा रजईवर टाचायची. एवढा मार खाऊन दुसरं कुणी शहाणं झालं असतं. मी नुसता पांढरा झालो.

पुढं तयार रजया मिळू लागल्या आणि माझी रवानगी कपाटाच्या तळाशी झाली. तिथून मला बोरामनं बाहेर काढलं. बोराम ही पिलनामची भाची. आईबाप गेलेल्या या पोरीला आत्यानंच सोमुन बाजारातल्या आपल्या शेवयांच्या खानावळीत लहानाची मोठी केली. पोर कपडे बेतायला शिकली आणि तिच्या डोक्यात एकच खूळ शिरलं: कापडाची चिंधीसुद्धा वाया जाऊ द्यायची नाही, आणि कपडा जुना झाला की त्यातूनच दुसरा निघाला पाहिजे.

तिनं मला सरळ पट्ट्यांत कापलं. बटणं नाहीत, बांधायला कापडाचेच बंद. आणि शिवलं ते उकळत्या पाण्यात विरघळणाऱ्या दोऱ्यानं. म्हणजे मी म्हातारा झालो की कात्री नको, उसवणं नको. मला उकळायचं, पट्ट्या सुट्या होतील, त्यांचं हवं ते शिवायचं.

हे ऐकून मी जो काही फुगलो! शेजारी वाळणाऱ्या मोज्यांशी बोलणंच टाकलं. मी अमर, आणि ते बिचारे अंगठ्याला भोक पडेपर्यंतचे सोबती.

सोलच्या एका कपड्यांच्या कंपनीनं बोरामला मला घेऊन बोलावलं. काम पसंत पडलं तर नोकरी, नाहीतर खानावळीत कांदे सोलणं. आत्या येताजाता म्हणायची, "जा गं बाई, तुझ्यावाचून माझं काही अडत नाही." इतक्यांदा म्हणायची की माझासुद्धा विश्वास बसेना.

निघायच्या सकाळी मी खुर्चीच्या पाठीवर ऐटीत बसलो होतो. आत्यानं कोबीची तिखटजाळ किमची वाढली आणि एक लाल शिंतोडा थेट माझ्या छातीवर उडाला. बोराम आंघोळीला गेली होती. शेगडीवर रोजच्यासारखी खानावळीची फडकी उकळत होती.

"सोलच्या लोकांपुढं डाग घेऊन जाते की काय पोर!" आत्या पुटपुटली. "म्हणतील, आईविना वाढलेली दिसते."

आणि मला फडक्यांत ढकललं. मी ओरडलो, पण शर्टाचं कोण ऐकतं?

थोड्या वेळानं तिनं चिमट्यानं एक बाही वर काढली. "अगं बाई! ही कुणाची?" मग दुसरी बाही. मग पाठ. एका फडक्यालाच माझी छाती समजून ती किती वेळ हळहळत राहिली. मला ते फार लागलं.

बोराम केस पुसत आली आणि जागीच थांबली. "आत्या, हे काय केलंस?"

"डाग पडला होता गं. जन्मभर ह्याला उकळत आलेय मी, आजच काय झालं?"

"गरम पाणी नको म्हणून सांगितलं होतं ना!"

"तू सांगतेस तेव्हा माझ्या हातात गिऱ्हाइकांचे वाडगे असतात."

"मुद्दाम केलंस. मी जाऊ नये म्हणून मुद्दाम केलंस!"

आत्यानं गॅस बंद केला आणि ओट्याकडं तोंड करून उभी राहिली. तिच्या मनात काय होतं ते मला एकट्याला ठाऊक होतं. एकुलता एक साक्षीदार, आणि तोही तुकड्यातुकड्यांत.

बोरामनं मला ओलंच पिशवीत कोंबलं आणि गाडी पकडली.

"शर्ट कुठाय?" सोलला मुख्य बाईंनी, प्यो मॅडमनी विचारलं.

"ह्या पिशवीत. माझ्या आत्यानं उकळला."

मॅडमनी माझी एकेक पट्टी उजेडात धरून पाहिली. कुठं फाटलं नव्हतं, दोऱ्याचा तुकडा उरला नव्हता. डागही गेला होता, पण ते श्रेय आत्याला कुणी दिलं नाही. "शिव पुन्हा. इथंच," त्या म्हणाल्या. घाईत एक बाही तर उलटीच लागली. तरी संध्याकाळपर्यंत मी पुन्हा शर्ट झालो आणि तिला नोकरी मिळाली. माझ्या देखणेपणामुळं मिळाली, असं मी बरेच दिवस समजत होतो.

घरी आल्यावर बोराम दारातच रडायला लागली. "आत्या, मी फार वाईट बोलले."

"बोललीस खरी. हात धू, जेवायला बस."

सोलला राहायला जाण्याआधी तिनं मला पुन्हा सोडवलं आणि आत्याच्या मापानं शिवलं. आत्याचं माप म्हणजे दोन मी. कापड पुरेना, तेव्हा माझ्या दोन्ही काखांत फडक्याच्या पट्ट्या जोडल्या. मोज्यांना नाकं मुरडणाऱ्या माझी ही सोयरीक! दोरा मात्र तोच.

"आता ह्याला उकळायचं नाही हं," बोराम म्हणाली. "नाहीतर शिवायला मलाच यावं लागेल."

"बरं बाई, बरं."

बोराम गेली. सणाला येते म्हणाली, काम निघालं, आली नाही. आत्या मला गार पाण्यात जपून धुते, अंगात घालते आणि दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की फोनकडं बघत बसते. तिच्या अंगावर असतो, म्हणून सांगतो, उसासे फार टाकते.

आज खानावळ बंद आहे. आत्यानं मला अंगातून काढलं. डाग नाही, मी स्वतः तपासलं. तिनं रिकामं पातेलं ओट्यावर ठेवलं, मला काखेत मारलं आणि फोन लावला.

"बोराम, माझ्या हातून परत घोळ झाला गं. शर्ट उकळला."

मी कोरडा ठणठणीत तिच्या काखेत!

पलीकडून बोराम म्हणाली, "मुद्दाम केलंस ना?"

आत्यानं मला काखेत आणखी घट्ट दाबलं. मग म्हणाली, "हो."

"शनिवारी येते," बोराम म्हणाली. तिचाही आवाज दमट होता.

फोन ठेवून आत्यानं पातेलं भरलं आणि गॅस पेटवला. तिला खोटं बोलून चैन पडत नाही, बोललेलं खरं करायलाच हवं. पाण्याला आता बुडबुडे येऊ लागलेत. तेव्हा मंडळी, येतो मी. माझ्यासाठी डोळे ओले करू नका, शनिवारपर्यंतचाच प्रश्न आहे.