कोटाचे दगड

श्रावणातल्या उधाणानं खारशेत गावच्या बांधाला खिंडार पाडलं. खाडीचं पाणी भाताच्या खाचरांत शिरू लागलं, तेव्हा बुधाजीनं गाडी जुंपली आणि खाडीच्या तोंडावरच्या पडक्या कोटातून दगड आणले. बांध फुटला की कोटाचे दगड आणायचे, हे त्याच्या आज्यापासून चालत आलं होतं.

आता मात्र कोटाच्या दारावर सरकारी सूचनेचा पत्रा ठोकलेला होता. सरकारनं तो कोट कायद्यानं संरक्षित ठरवला होता. दगड हलवणाऱ्याला कैद. राखणीला नेमला होता अंबाजी, बुधाजीच्या बायकोचा, कृष्णाबाईचा, सख्खा धाकटा भाऊ. दगडांनी भरलेली गाडी त्यानं दारातच अडवली.

"दाजी, गाडी रिकामी करा. माझी नोकरी जाईल."

"आनि माझं भात जाईल त्याचं काय? हट बाजूला."

अंबाजी हटला नाही. बुधाजीनं बैलांना हाकललं. चाक त्याच्या पायावरूनच जायचं, थोडक्यात चुकलं. दुसऱ्या दिवशी अंबाजी अलिबागला जाऊन वर्दी देऊन आला.

कोर्टात त्यानं पाहिलं ते सगळं सांगितलं. बुधाजीला महिन्याची कैद झाली, आणि दगड कोटात परत नेण्याचा हुकूम निघाला. कोर्टाच्या पायऱ्यांवर कृष्णाबाईनं भावाला गाठलं.

"बा असता तर तुझी जीभ हासडली असती त्यानं," ती म्हणाली आणि त्याच्या पायाशी थुंकली.

भात निसवून लोंब्या बाहेर पडत असताना पुरातत्त्व खात्याचे अधिकारी दत्तात्रेय गुप्ते शिपाई आणि मजूर घेऊन बांधावर आले. दगड रचले होते तिथंच कृष्णाबाई गावातल्या बायकांना घेऊन बसली होती.

"साहेब, कापनी होऊ द्या. मग आमीच दगड आनून टाकतो."

"हुकूम आजचा आहे."

"अक्षरं कोरलेला येकच दगड हाय यात. तो न्या. बाकीचे नुसते धोंडे."

"आज धोंडे म्हणून सोडले तर उद्या कोट उरणार नाही. असे किल्ले मी पाहिलेत, बाई. आता तिथं नुसता माळ आहे."

गुप्ते खोटं बोलत नव्हते. पण बांधाच्या अलीकडच्या हिरव्या खाचरांकडे त्यांनी एकदाही मान वळवली नाही.

"आनि आमी उरलो न्हाय तर?"

"उठता की उचलू?"

शिपायांनी बायकांना दंडाला धरून ओढलं. मग गुप्त्यांनी अंबाजीला पुढं बोलावलं. कोटाचे दगड कुठले आणि बांधाचे जुने कुठले, हे त्याच्याशिवाय कोण सांगणार? अंबाजी खाली मान घालून बोट दाखवत गेला. मजूर दगड उपटत गेले. कृष्णाबाईनं ओंजळभर चिखल उचलून फेकला, तो त्याच्या सरकारी बिल्ल्यावर बसला. त्यानं तो पुसला नाही.

त्याच दिवशीच्या भरतीला खाडी आत आली. लोंब्या धरलेलं भात खाऱ्या पाण्यात उभं राहिलं आणि बघता बघता पिवळं पडलं. कोटाच्या दाराशी दगडांचा नुसता ढीग पडला. कुठला दगड कुठं बसत होता ते कुणालाच ठाऊक नव्हतं. गुप्ते पुन्हा आले नाहीत. ढिगावर घाणेरी माजली.

बुधाजी अलिबागच्या हिराकोट तुरुंगातून सुटून आला तो घरी न जाता आधी शेतावर गेला. एक लोंबी चावून पाहिली आणि थुंकला.

मार्गशीर्षात गावानं माती आणि खाडीकाठच्या तिवरांच्या फांद्या टाकून बांध भरायला घेतला. अंबाजी बिल्ला न लावता, पाटी घेऊन आला.

"बाय, मी कोर्टात खोटं बोललो न्हाय," तो कृष्णाबाईला म्हणाला.

"व्हय. खरंच बोललास. आता जा."

तो गेला नाही. त्यानं मातीची पाटी भरली आणि बांधावर ओतली. बुधाजी फावडं घेऊन आला, तेवढीच माती खरवडून त्यानं खाडीत टाकली. अंबाजीनं दुसरी पाटी आणली. तीही खाडीत गेली. बाजूला माणसं काम करत होती. कुणी हात थांबवला नाही, कुणी मधे पडलं नाही. शेवटी अंबाजीनं रिकामी पाटी काखेत मारली आणि तो कोटाकडे चालता झाला.

पुढच्या वर्षी त्याची बदली लांबच्या किल्ल्यावर झाली. ही बातमी कृष्णाबाईला बाजारात एका कोळणीकडून कळली. कुठला किल्ला, हे तिनं विचारलं नाही. सुकट घेतली आणि घरची वाट धरली.