दुसऱ्याची कबुली

बायको, आवडाबाई, गेली ते पुंजारामला सकाळी दवाखान्याच्या वऱ्हांड्यात कळलं. हातात पेजेचा डबा होता. शेजारच्या खाटेवरची सारजाबाई म्हणाली, "फादरला बोलवा, फादरला बोलवा करीत व्हती. काय तरी सांगायचं व्हतं तिला. इथं कोण आणणार फादर?"

ते पुंजारामच्या जिवाला लागलं. आवडाबाई गंगापूरकडची, कॅथलिक घरातली. पोलीस ॲक्शननंतर लग्न होऊन शहराच्या छावणी भागात आली आणि नवऱ्याच्या प्रोटेस्टंट मंडळीत, त्यांच्या चर्चमध्ये, बसू लागली. तिथं पापांची कबुली सगळे मिळून करतात. गुडघे टेकून एका सुरात म्हणायचं, मग पाळक, म्हणजे तिथले धर्मगुरू, क्षमेचं वचन वाचतात. आवडाबाईही म्हणायची. पण लहानपणी ती जाळीपलीकडच्या फादरांच्या कानात एकेक पाप सांगत आली होती. शेवटी तिला तेच हवं होतं.

पुंजारामनं मनाशी धरलं, मंडळीत सगळे सगळ्यांसाठी म्हणतात, तर बायकोचं नवऱ्यानं का म्हणू नये? माती झाल्यावर तो कॅथलिक चर्चमध्ये गेला आणि टोपी काढून फादरांसमोर बसला.

"आवडाबाईची कबुली द्यायला आलो."

"ती काही सांगून गेली का?"

"नाय. पण संसार केलाय, तिची पापं मला ठाऊक हैत. शेजारणीशी भांडायची. एकदा पाळकांच्या कोंबडीला दगड हाणला."

फादरांनी हसू आवरलं. "बाबा, दुसऱ्याची कबुली घेता येत नाही. तिला मनापासून सांगायचं होतं, ते देवाला पोचलं असेल. मी तिच्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा करीन."

"मग फादरला आणा, असं मला का नाय म्हणली?"

"ते तुम्हालाच ठाऊक."

पुंजारामला आठवलं. ती इकडं फादरांकडं यायचं म्हणाली की तो चारचौघांत म्हणायचा, "देव काय तहसीलदार हाय, चपराश्यामार्फत भेटायला?" लोक हसायचे. पुढं तिनं विचारणंच सोडलं.

"तुम्ही आमच्यातले नाही, तुम्हाला कबुलीचा हा संस्कार देता येणार नाही," फादर म्हणाले. "पण तुमचं स्वतःचं काही सांगायचं असेल तर ऐकतो."

"येतो," म्हणून पुंजाराम उठला.

पाळकांच्या कानावर गेलं. ते रागावले नाहीत. "तिकडं कशाला? थेट देवाला सांगावं," एवढंच म्हणाले.

रविवारी पुंजाराम सगळ्यांबरोबर गुडघे टेकतो, सगळ्यांबरोबर म्हणतो. एकट्यानं, आवडाबाईचं नाव घेऊन, आपण काय केलं ते त्यानं अजून सांगितलेलं नाही. फादरांना नाही, पाळकांना नाही, देवालाही नाही.