बोर्दोची पीकदाणी, मुक्काम वॉटफर्ड

मी पीकदाणी बोलतेय. झालं, मुरडलंत नाक! अहो, पुरतं ऐकून तरी घ्या. पान-तंबाखूच्या पिचकाऱ्या झेलणारी ती मी नव्हे. मी वाइनची पीकदाणी. तांब्याची, पोटाशी गोल, गळ्याशी अरुंद, वर नरसाळ्यासारखं झाकण. सध्या मुक्काम लंडनजवळचं वॉटफर्ड, एका सेमी-डिटॅच्ड घराचं स्वयंपाकघर. मराठी इथेच पक्की झाली माझी, कढीपत्त्याच्या कुंडीशेजारी बसून. माझ्यामुळे या घरात काय रामायण घडलं, ते सांगते.

जन्म फ्रान्समधला. एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं, आतून कल्हई केली आणि बोर्दोला धाडून दिलं. जुन्या गावात, नदीजवळच्या गल्लीत एक दगडी तळघर होतं. गावातली चर्च, वेशीचे जुने दरवाजे, चौक बघून पाहुण्यांचे पाय दुखायला लागले, की ते वाइन चाखायला तिथे खाली उतरायचे. मधोमध लांबलचक टेबल, त्यावर पेले, पाव, चीज आणि मी.

चाखायची एक रीत असते. पेला तिरका करून रंग बघायचा, गोल फिरवायचा, नाक खुपसून वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि मग माझ्यात थुंकायचा. सकाळी अकराला सुरुवात करायची तर गिळून कसं चालेल? तिसऱ्या बाटलीपर्यंत सगळंच गोड लागायला लागेल! पण माणसांना थुंकायची भारी लाज. इंग्रज पाहुणा आधी "सॉरी" म्हणायचा, मग थुंकायचा, मग पुन्हा "सॉरी". मलाच म्हणायचा की काय, कोण जाणे. नवी जोडपी एकमेकांकडे पाठ करून थुंकायची. पुण्याचे एक गृहस्थ तर मला उचलून बाथरूममध्ये घेऊन गेले आणि आतून कडी लावून थुंकले. हसून हसून पुरेवाट झाली माझी.

या पाहुण्यांना चाखायला शिकवायची ती ईशिता. वॉटफर्डमध्ये जन्मलेली, फ्रेंच शिकलेली चोवीस वर्षांची मुलगी. एका उन्हाळ्यापुरती म्हणून आली आणि दोन वर्षं राहिली. काय नाक होतं पोरीचं! एखाद्या वासाला फ्रेंच शब्द सापडला नाही, की ती सरळ सांगायची, "हा वास माझ्या आईच्या गोड्या मसाल्याच्या डब्याचा आहे." पाहुणे खूश! आणि थुंकायची तर अशी, की बारीक धार, बरोबर मधोमध, टेबलावर थेंब नाही. दिवसाला तीस-चाळीस घोट, आणि त्यातला एकही तिच्या घशाखाली उतरला नाही. माझ्याइतकं हे दुसरं कोण सांगणार?

घरी मात्र तिने सांगितलं होतं, हॉटेलच्या रिसेप्शनवर आहे. कारण तिच्या घरात दारूचं नावसुद्धा काढायची सोय नव्हती. तिचे बाबा पुरुषोत्तम. त्यांचा थोरला भाऊ शशिकांत नागपुरात दारूपायी गेला, बेचाळिसाव्या वर्षी. त्याला कुठून कुठून उचलून रिक्षात घालून घरी आणायचं काम या धाकट्याचं असायचं. तेव्हापासून या माणसाने ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीत ज्यूसचा ग्लासही हातात धरलेला नाही. फोनवर "काय गं, कसं चाललंय हॉटेल?" असं त्यांनी विचारलं, की ईशिता माझ्याशेजारी उभी राहून "मस्त, बाबा" म्हणायची. फोन ठेवला, की कितीतरी वेळ तोच तो पेला पुसत बसायची. मला तिचा राग यायचा आणि कीवही यायची.

पुढे माझी कल्हई उडाली. टेबलावर स्टीलच्या नव्या पीकदाण्या आल्या. तळघराच्या मालकीणबाईंनी मला ईशिताला भेट देऊन टाकलं आणि म्हणाल्या, "आता इथली कायमची नोकरी घे, सगळी टेस्टिंग तूच सांभाळ. महिनाअखेरीला कळव." ईशिताने तीन आठवड्यांची रजा घेतली. घरी जाऊन खरं काय ते सांगायचं असं ठरवून ती निघाली, मला बॅगेत घालून.

दुसऱ्याच दिवशी सुचेताने, म्हणजे तिच्या आईने, धुवायचे कपडे काढायला बॅग उघडली.

"अगंबाई, केवढं सुरेख भांडं! काय आहे गं हे?"

ईशिताचा चेहरा पांढराफटक. "ते ना... ते तांब्याचं आहे," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

तेवढं पुरलं. सुचेताने माझं नरसाळं काढून खिडकीत कढीपत्त्याच्या कुंडीखाली ठेवलं आणि मला चिंच-मिठाने असं घासलं, की मी माझी मला ओळखू येईना. पुरुषोत्तम तर हरखूनच गेले.

"तांब्याच्या भांड्यातलं पाणी! अगं, आमच्या आजोबांनी नव्वदी गाठली ती याच्यावरच!"

झालं! रोज झोपायच्या आधी माझ्यात पाणी भरायचं आणि सकाळी उठून अनशापोटी दोन पेले. आता हा माणूस ऑप्टिशियन, गावभरच्या लोकांचे डोळे तपासतो, पण मी काय आहे ते काही त्याला दिसलं नाही. बरं, उष्ट्याच्या बाबतीत इतका कडक, की तीस वर्षांच्या संसारात बायकोच्या कपातला घोट कधी घेतला नाही! आणि इथे मी, हजारो लोकांचं उष्टं पोटात घेतलेली. त्यांनी माझ्यातलं पाणी पेल्यात ओतलं, की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं मला.

ईशिता रोज सकाळी दारात येऊन उभी राहायची. तोंड उघडायची. मग "गुड मॉर्निंग, बाबा" म्हणून परत फिरायची. दोनदा तिने गुपचूप पाणी ओतून मला साबणाने खसाखसा धुतलं. काय उपयोग? रात्री पुन्हा तेच. वर बाबा म्हणायचे, "माझी अ‍ॅसिडिटी गेली बघ!" बोल गं पोरी, बोल, असं मला ओरडून सांगावंसं वाटायचं. असे अठरा दिवस गेले.

रविवारी पोहे खायला परीक्षित आले, पुरुषोत्तमांचे मित्र. त्यांनाही अ‍ॅसिडिटी. मग काय विचारता! पुरुषोत्तमांनी तांब्याच्या पाण्यावर व्याख्यान झोडलं, पेला भरला आणि त्यांच्या हातात दिला. परीक्षितनी तो तोंडाला लावला, तेवढ्यात दारातून ईशिता ओरडली, "काका, थांबा! ते पाणी नका पिऊ!"

"का गं? काय झालं?" बाबा म्हणाले.

"त्या भांड्यात लोक थुंकतात."

"कोण लोक?"

"बोर्दोचे टूरिस्ट. वाइन टेस्टिंगला येतात ते. आणि... मी पण."

परीक्षितनी पेला अगदी अलगद खाली ठेवला. "वहिनी, निघतो मी. गाडी नो-पार्किंगच्या पिवळ्या रेघांवर लावलीये," म्हणाले आणि अर्धे पोहे टाकून गेले.

"किती दिवस?" पुरुषोत्तमांनी विचारलं.

"अठरा दिवस तुम्ही..."

"पाण्याचं नाही विचारत मी."

"दोन वर्षं, बाबा. हॉटेल वगैरे काही नव्हतं. मी खोटं बोलले."

ते खुर्चीत बसले. आवाज उतरला होता. "दादापण आधी चवीपुरतीच घ्यायचा. म्हणजे तू रोज..."  मला वाटलं, संपलं सगळं. उचलून रिसायकलिंगच्या डब्यात टाकणार आता मला, आणि या पोरीला घरातच अडकवून ठेवणार.

पण ईशिताने कुंडीखालून माझं नरसाळं ओढून काढलं. माझ्यातलं पाणी ओतून टाकून ते माझ्यावर बसवलं. नळाच्या पाण्याचा घोट तोंडात घेतला, घोळवला आणि थुंकली. बारीक धार, बरोबर मधोमध.

"असं करते मी. दिवसात चाळीस वेळा. एक थेंब पण गिळत नाही, बाबा. त्याच्यासाठीच हे भांडं असतं. मला वास कळतो, चव कळते, मी चांगली आहे त्यात. पण मला ती लागत नाही. शपथ."

पुरुषोत्तम उठून माझ्यात वाकून बघत राहिले.  शेवटी सुचेताच म्हणाली, "अहो, बोला ना काहीतरी."

ते सिंकपाशी गेले. चार चुळा भरल्या, तोंड पुसलं आणि वळले.

"लहानपणी तू ताटात वरणभात तसाच टाकून पळायचीस. कोण संपवायचं तो?"

"तुम्ही."

"मग तुझं उष्टं मला काही नवीन नाही. पण त्या टूरिस्टांचं आधी सांगायचंस की गं!"

सुचेताला जे हसू फुटलं, ते आवरेचना. ईशिता हसत होती की रडत होती, मला कळेना. तुम्ही म्हणता ना जीव भांड्यात पडला, तो त्या दिवशी खरोखर पडला, माझ्यात. अठरा दिवसांचं ओझं उतरलं बाई एकदाचं!

"अजून काही दडवलंयस?" बाबांनी विचारलं.

"हो. तिथे परमनंट जॉब देतायत. शुक्रवारपर्यंत सांगायचंय."

त्यांनी चष्मा काढून शर्टाने पुसला, पुन्हा घातला. "आमच्या दादाला कुणी थांबायला शिकवलं असतं, तर आज इथे पोहे खायला असता," म्हणाले. आणि मग, "शुक्रवार कशाला? आजच कळव."

ऑक्टोबरमध्ये ईशिता युरोस्टारने, पॅरिसमार्गे बोर्दोला गेली. मी इथेच राहिले. माझ्या पोटावर पुरुषोत्तमांनी काळ्या मार्करने लिहून ठेवलंय, "पिण्याचे पाणी नाही". लिहा बापडे, माझी काही हरकत नाही.

कारण माझं काम मला परत मिळालंय. एप्रिलमध्ये आई-बाबा तिच्या टेस्टिंगला जाणार आहेत. तारीखही ठरलीये. "मी एक थेंबही गिळणार नाही," असं पुरुषोत्तमांनी तिला फोनवर बजावलंय. पण गिळायचं नाही, म्हणजे नीट थुंकता यायला हवं. चारचौघांत पोरीची मान खाली जायला नको. म्हणून दर शनिवारी ते मला टेबलाच्या टोकाला ठेवतात, पेल्यात कोकम सरबत ओततात, उजेडात रंग बघतात, नाक खुपसतात, घोट घोळवतात आणि नेम धरतात. सुचेताचा टेबलक्लॉथ पार गुलाबी झालाय.

तेव्हा माझी विनंती तुम्हाला नाही, तिकडे ईशिताच्या टेबलावर बसलेल्या त्या स्टीलच्या पोरीला आहे. बाई गं, एप्रिलमध्ये एक चष्मेवाला गृहस्थ येईल. फार घाबरलेला असेल, पण येईल. तू जरा सरकून बस. त्याचा नेम अजून थोडा डावीकडे जातो.