पाठीमागचं समोर येतं

मानसी अंधेरीतल्या एका कंपनीत कामाला होती. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने प्रवास केला तर काय दिसेल, हे हेडसेट घालून अनुभवायचा एक खेळ तिथे बनत होता. चाचणीसाठी तिने आपल्याच कांदिवलीच्या घराचं त्रिमितीय स्कॅन वापरलं. ते तिच्या भावाने, देवेशने, पूर्वी हौसेने केलं होतं. गेल्या पावसाळ्यात तो डेंग्यूने गेला.

घर लहान, म्हणून प्रोग्राममध्ये तिने प्रकाशालाच माणसाच्या चालीवर आणलं आणि दारापासून खिडकीकडे निघाली. वेग वाढला तशी खिडकी जवळ येण्याऐवजी लांब पळाली, निळी पडली. भिंती वाकून समोर आल्या. मग पाठीमागचंही समोर सरकू लागलं. गणिताप्रमाणे ते यायलाच हवं होतं. चपलांचा स्टँड आला, दार आलं. दारात देवेश उभा होता.

ती थांबली, वळली. दारात कोणीच नव्हतं.

तिने फाइल तपासली. स्कॅन करणारा स्वतः स्कॅनमध्ये नसतो, तसा तोही नव्हता. पुन्हा वेग घेतला. तो होता.

ऑफिसात चाचणीसाठी तिने दुसऱ्याच जागेचं स्कॅन वापरलं, कोणाला काही सांगितलं नाही. पण एकदा घरी हेडसेट घालून रडताना तिला आईने, विमलाने, पाहिलं आणि खोदून खोदून विचारलं. मग हेडसेट मागून घेतला. बराच वेळ ती खुर्चीत ताठ बसून होती.

"अजून जोरात गेलं तर?" आईने विचारलं.

"सगळं एका ठिपक्यात गोळा होईल. आणि प्रकाशाच्याच वेगाने गेलं तर वेळच जात नाही म्हणतात. निघणं आणि पोचणं एकच."

"मग तिथेच ने मला."

तिथवर कोणालाच जाता येत नाही, असं मानसीने समजावलं. आईने मान डोलावली. तरी रोज जेवणं झाली की ती हेडसेट घेऊन बसायची. सुरुवातीला रडायची. पुढे पुढे शांतपणे उठून चहा टाकायला लागली, आणि मानसीला त्याचीच जास्त भीती वाटू लागली.

एका दुपारी मानसी खुर्चीमागे येऊन उभी राहिली. आईने हेडसेट काढून मांडीवर ठेवला.

"रोज माझ्याकडे बघतो," ती म्हणाली. "आज तुझ्याकडे बघत होता."

त्याच संध्याकाळी मानसीने स्कॅन पुसून टाकलं आणि आईला तसं सांगितलं. आई रागावली नाही. भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाली, "आता कुठे उभा राहील गं तो?"

 मानसी आईला खेटून बसली.