म्हशीच्या खुंट्याखालची बोरमाळ

संपत माझा धाकटा भाऊ, आणि त्याला काही विकत घ्यायचं असलं की माझा जीव मेटाकुटीला येतो. मोटरसायकल घेताना त्यानं अख्ख्या विंझरला सल्ला विचारला आणि शेवटी आणली ती पहिल्याच दिवशी पाहिलेली. आता त्याला जमिनीतलं सोनं शोधायचं यंत्र घ्यायचं होतं.

सोनं आमच्या आईचं, सोजराबाईचं. आमचे वडील आण्णा पुण्याच्या दवाखान्यात होते तेव्हा घराला कुलूप राहणार म्हणून तिनं आपली बोरमाळ गोठ्यात म्हशीच्या खुंट्याखाली पुरली. ती म्हैस परक्याला जवळ येऊ देत नसे, लाथच घालायची. आईचा बँकेपेक्षा त्या म्हशीवर जास्त विश्वास. पुढं आण्णा गेले, म्हैस विकली, संपतनं जुना गोठा पाडून शेजारी नवा बांधला, आणि खुंटा नक्की कुठं होता ते कुणालाच सांगता येईना. चार ठिकाणी खणलं. माळ काही सापडली नाही.

तेव्हापासून संपतची बायको रतन म्हणत आली की माळ पुरलीच नव्हती, ती किकवीला गेली. किकवीला म्हणजे माझ्याकडे, साधनानं नेली म्हणे. माझ्या तोंडावर ती कधी बोलली नाही. पण मी माहेरी गेले की आधी माझ्या गळ्याकडं बघायची आणि मग पाणी द्यायची. आईला मात्र ते उठता-बसता ऐकावं लागायचं. लेकीची धन केली, वर खोटं बोलते, असं. मागच्या दिवाळीत आई मला हळूच म्हणाली की आता मी अशीच खोटी म्हणून मरणार. त्या रात्री मला अन्न गेलं नाही. यंत्र आणायचंच, असं मी तेव्हाच ठरवलं.

आईनं त्यासाठी एक शेळी विकली. शेळीच्या पैशात बसेल तेच घ्यायचं, हे संपतला मी दहादा बजावलं. तो फोनवर परदेशातल्या एका टकल्या माणसाचे व्हिडिओ बघत बसलेला. लाल माळरानावर तो माणूस यंत्र फिरवायचा आणि हरभऱ्याएवढे सोन्याचे खडे उचलायचा. तो काय बोलतो यातला एक शब्द संपतला कळत नव्हता, पण मान हलवत होता.

भोरला एसटी स्टँडजवळ बंडूचं दुकान आहे. कॅमेरे, मोबाईल, काय मागाल ते मागवून देतो. त्यानं तीन यंत्रं आणून ठेवली होती. एक मोठ्या देवळाच्या दारात पोलीस अंगावरून फिरवतात तसला दांडा. दुसरं दोन पितळी दांड्यांचं, हातात धरलं की सोन्याच्या दिशेला आपोआप वळतं म्हणे, तेही अर्ध्या किलोमीटरवरून. तिसरं लांब काठीला ताटलीएवढी चकती लावलेलं. अर्थात संपतला दोन दांड्यांचंच आवडलं. ते महागही होतं. शेळी संपून वर गोठ्यातलं वासरूही गेलं असतं.

मी कानातली एक कुडी काढली. दोघांना पाठ फिरवायला लावली आणि काउंटरवरच्या तीन रिकाम्या खोक्यांपैकी एकात ती टाकली. शोध म्हटलं. संपत दांड्या धरून उभा राहिला. दांड्या बराच वेळ डुलल्या आणि समोरच्या चहाच्या टपरीकडं वळून थांबल्या. टपरीवाल्याकडं सोनं असेलही, असं संपत म्हणाला. मी कपाळाला हात लावला.

पोलिसी दांड्याला कुडी सापडली, पण खोक्याला टेकवल्यावर. जमिनीत वीतभर खाली त्याचा काय उपयोग? राहिलं चकतीवालं. नवशिक्यांसाठी हेच बरं, असं बंडू म्हणाला, आणि त्याला एक बटण होतं ते फिरवलं की लोखंडावर गप्प राहतं, बाकी धातूंवर वाजतं, असंही. शेळीत बसत होतं. घेतलं.

दुसऱ्या दिवशी विंझरला जुन्या गोठ्याच्या जागेवर यंत्र चालू केलं आणि ते ओरडतच सुटलं. इकडं टीं, तिकडं टीं. आण्णा होते तोवर आमच्याच अंगणात गावचे बैल आडवे पाडून त्यांच्या खुरांना नालाच्या लोखंडी पत्र्या ठोकायचे. वर्षानुवर्षांचे वाकडे खिळे त्या मातीत. संपतनं लगेच टकल्याचा व्हिडिओ लावून बघितलं. तो माणूस गंजका खिळा उचलून फेकत होता आणि बटण फिरवत होता. झालं. आमचंही बटण फिरलं. लोखंड बंद.

मग जी शांतता झाली ती झाली. उन्हात आम्ही दोघं बहीणभाऊ त्या जागेवर येरझाऱ्या घालत होतो. वाजलं की खणायचं. निघालं काय, तर गुटख्याच्या चंदेरी पुड्या. त्या कुणी टाकल्या ते विचारायची गरज नव्हती, संपत दुसरीकडंच बघत होता. एकदा म्हशीच्या गळ्यातलं पितळी घुंगरू निघालं तेव्हा मला ती माळच वाटली. बाकी काही नाही. रतन ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती, आणि आम्ही खणायला वाकलो की मान वर करून बघत होती.

दिवस कलायला लागला तशी संपतनं नवी टूम काढली. यंत्र आणलंच आहे तर गावाजवळच्या गडाच्या पायथ्याला फिरवून बघू, तिथं सोनं असणार. तिथं खणणं गुन्हा आहे, गडाकडं एक पाऊल टाकलंस तर पोलिसांना मीच फोन करीन, असं मी त्याला सांगितलं.

तेवढ्यात आई काठी टेकत आली. हे सकाळसारखं आता का वाजत नाही, म्हणून विचारू लागली. मी वैतागले होते. म्हटलं, "आई, लोखंडावर वाजत न्हाई ते. तसंच करून ठेवलंय."

"का गं?"

"खिळंच खिळं हायती हितं. आपल्याला सोनं पायजे."

आईनं काठीनं चकतीला ढोसलं. मग म्हणाली, "पन माळ तर डबीत हाय. आण्णांच्या तंबाखूची पत्र्याची डबी. पत्रा लोखंडच न्हवं का?"

मला रडावं का ओरडावं कळेना. "आई, हे इतक्या वर्सांत सांगितलं का न्हाईस?"

"कुनी इचारलं? समदी कुठं पुरली तेवढंच इचारीत व्हता."

खरं होतं. कुणीच विचारलं नव्हतं. मी पण नाही.

बटण उलटं फिरवलं. पुन्हा टीं टीं सुरू. खिळा बारीक वाजतो, मोठी वस्तू रुंद वाजते, एवढं आता कळायला लागलं होतं. जिथं आवाज रुंद तिथं खणायचं. एक अख्खी पत्री निघाली, नांगराचा मोडका फाळ निघाला. नव्या गोठ्याच्या भिंतीला लागून, जिथं आम्ही कुणी खणायचा विचारही केला नव्हता, तिथं गंजून चिकटलेली डबी निघाली. संपतनं कोयत्यानं झाकण उचकटलं. आत फडक्याची पुरचुंडी, आणि त्यात माळ. आईनं ती हातात घेतली आणि तिथंच मातीत बसली.

रतन ओट्यावरून उतरली. माळ उजेडात धरून नीट बघितली, परत आईच्या हातात दिली. मी तिच्या तोंडाकडं बघत उभी होते. मला फक्त एक शब्द हवा होता.

"बरं झालं बाई, घावली एकदाची," ती म्हणाली आणि चहा टाकायला वळली.

आई खालूनच म्हणाली, "रतन, आता बोल की कायतरी."

"म्या कुठं काय म्हंत व्हते, आत्याबाई?"

"सादनानं नेली म्हंत व्हतीस. मग आता नेऊ दे तिला." आणि आईनं माळ माझ्यापुढं धरली.

मला आईचाच राग आला. माळ घेतली तर रतन खरी ठरणार, नाही घेतली तर आईचा शब्द खाली पडणार. इतकी वर्षं संशय झेलून हे बक्षीस! मी हात धुतले, माळ घेतली, पदरानं पुसली आणि आईच्याच गळ्यात घातली. आण्णा गेल्यापासून तो गळा मोकळाच होता.

"आता पुरायची न्हाई. अंगावर घालायची," मी म्हणाले.

"आनि कुठं पडली, चोरीला गेली तर?"

"तर माजं नाव घ्या," मी रतनकडं बघत म्हणाले. "मला सवय हाय."

रतननं आत जाऊन चहा टाकला. त्या दिवशी चहा तिनं आधी मला दिला.