कलावतीचा काठ

कोलशेतच्या गिरणीत प्रवासी मोटारगाड्यांच्या गाद्यांचं जाड, लवेचं कापड विणलं जायचं. उत्तम तिथं नक्षी काढायचा. साहेब लोक नमुना खुर्चीवर पसरून बघत आणि माना डोलवत. त्या बघण्याला काडीचा अर्थ नव्हता. खरी परीक्षा उत्तमची बायको घ्यायची, सगुणा. नवा तुकडा घरी आला की ती त्यावर खोबरेल चोळी, राख टाकी, चिखलाचे पाय देई. मग झटकून दारातून बघायची. मळ नक्षीत लपला पाहिजे; डाग दिसला की नक्षी बाद.

त्या संध्याकाळी तिनं तुकडा उलगडला आणि हात थांबला. काळपट हिरव्यावर तांबडी रुईफुलं, कडेला दोन रेघा.

"हा कलावतीचा काठ."

"कुठली कलावती?"

"बाजूच्या खोलीतली. जसं काय ठाऊकच नाही."

"अगं, लुगडं वाळत होतं तिचं. डोळ्यांत बसली नक्षी."

"वाळत होतं, की नेसलेलं होतं?"

उत्तम हसला. बायको आतून जळत असताना हसणारा पुरुष बिनडोक असतो, उगाच सभ्य शब्द कशाला शोधू. "वाळत होतं म्हटलं ना."

"माझंही तिथंच वाळतं."

"तुझ्या काठाला नक्षी कुठाय?"

"आणलंत कधी नक्षीचं?"

सगुणानं तेलाची वाटी ओढली. एक डाग दिसला असता तरी पुरे होतं, कलावतीचा काठ कचऱ्यात गेला असता. तिनं वाटी रिकामी केली, राख रगडली, चिखल तुडवला. वाळल्यावर झटकून दारातून पाहिलं. फुलांनी सगळं गिळलं होतं. नवऱ्यानं आजवर काढलेली सगळ्यात चांगली नक्षी हीच, आणि ती दुसरीच्या अंगावरची. उद्या कळलं की कलावती नळावर मिरवणार.

"काय सांगू साहेबाला?" उत्तमनं विचारलं. तिनं 'डाग दिसतो' म्हटलं असतं, तर त्यानं तुकडा मुकाट्यानं परत नेला असता.

सगुणानं तुकड्याची घडी घालून त्याच्या हातात दिली.

"चांगली आहे म्हणा. ठाण्यापासून कल्याणपर्यंत सगळ्यांनी बुडाखाली घ्यावा तिचा काठ."

उत्तम परत हसायला गेला आणि तिचं तोंड बघून थांबला.

"आणि पुढच्या नक्षीआधी दुकानात जा," ती म्हणाली. "काठाचं लुगडं आणा. मी नेसते. मग बघा काय बघायचं ते."